रुपयाएवढा डाग

“आठ दिवस टिकलं, धोंडी. आठच दिवस,” असं म्हणत कायतानबाबांनी ड्रमवरच्या कातड्याचं फाटकं पान कड्यासकट माझ्या मांडीवर टाकलं.

मी तबल्याची वादी ओढत बसलो होतो. तबला दोन पायांत धरलेला, वादीचं टोक दातांत. त्यामुळे लगेच तोंड उघडता आलं नाही, नाहीतर पहिलंच वाक्य वाईट निघालं असतं. दुकानात दोन गिऱ्हाइकं बाकावर बसली होती आणि दोघंही कान टवकारून ऐकत होती.

“महिन्यात हे तिसरं,” कायतानबाब म्हणाले. ते इतक्या मोठ्याने बोलत होते, की समोरच्या न्हाव्याने वस्तरा थांबवून मान बाहेर काढली. “तुझ्या बापाचं पान मला सहा महिने पुरायचं. तू काय, पतंगाचा कागद लावतोस?”

मी वादी सोडली. “कायतानबाब, बकरं तेच, चुना तोच, मला शिकवणारा बापही तोच. नाचता येईना अंगण वाकडं, असं झालंय तुमचं.”

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हात उगारतात. पण त्यांनी टोपी घातली. “गुरुवारी दुपारी तालीम आहे. त्याच्या आत नवीन दे,” एवढं सांगून निघाले. जाताना बोटं दाराच्या चौकटीवर वाजली, मग बाहेर उभ्या असलेल्या सायकलच्या सीटवर. त्या माणसाची बोटं कधी गप्प बसलेली मला आठवत नाहीत.

ही गोष्ट १९६३ सालची. ठाकूरद्वारला आमचं दुकान होतं. पाटीवर वडिलांचं नाव : राघू आगवणे, तबला, ढोलकी, पखवाज मढवून मिळेल. तात्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती आणि मी अठ्ठावीस वर्षांचा होतो, म्हणजे अक्कल कमी आणि ताठा भरपूर.

कायतान रिबेलो कोण, हे आज सांगावं लागतं. तेव्हा लागत नव्हतं. गोव्याला साष्टीतल्या एका गावात चर्चच्या शाळेत सूर-ताल शिकलेला हा माणूस सतराव्या वर्षी बोटीने मुंबईला उतरला. धोबीतलावला गोव्याच्या एकेका गावाचे कूड असायचे, त्या गावच्या लोकांनी मिळून राहायच्या खोल्या. तिथे आपल्या पेटीवर डोकं ठेवून तो झोपला, त्याने लग्नांत वाजवलं, बोटींवर वाजवलं, आणि चाळिशी गाठेपर्यंत मोठ्या हॉटेलांत लोक जेवण सोडून त्याचे हात बघत बसू लागले. भिंतींवरच्या कागदांत बँडच्या नावापेक्षा त्याचं नाव मोठं असायचं. जॅझ म्हणजे काय ते मला तेव्हा कळत नव्हतं, आजही फारसं कळतं असं नाही. मला कातडं कळतं.

आणि कातड्यामुळेच आमची गाठ. सरकारने परदेशी माल बंद केला. बाहेर म्हणे प्लॅस्टिकची पानं निघाली होती, पण ती इकडे यायची कशी? मग ही सगळी गोव्याची वाजवणारी मंडळी तात्यांकडे वळली. तात्यांनी कोवळ्या बकऱ्याचं कातडं कमावून, खरवडून असं पातळ केलं, की त्यांच्या त्या छोट्या ड्रमवर, ज्याला ते स्नेअर म्हणतात, नखाने टिचकी मारली तरी खालच्या तारा सळसळायच्या.

तात्या वापरलेलं पान हातात घेतलं, की वाजवणाऱ्याची कुंडली मांडायचे. “हा हल्ली घाईत असतो,” म्हणायचे. “याचं घरी भांडण चाललंय, बघ कडेला कसं बडवलंय.” कायतानबाबांचं पान आलं की मला जवळ बोलवायचे. त्यावर मधोमध रुपयाएवढा डाग असायचा आणि बाकी पान कोरं. “धोंड्या, हा हात बघून ठेव. हा मारत नाही, ठेवतो.”

तर असा माणूस त्या सोमवारी भर दुकानात मला पतंगाचा कागद म्हणून गेला. तळपायाची आग मस्तकात गेली. ही गोष्ट धोबीतलावला पसरायला एक संध्याकाळ पुरली. मंगळवारी दोन ड्रमवाले आपापली पानं मागून घेऊन गेले, अर्धवट मढवलेली. एकाने तर सरळ सांगितलं, “कायतानचं फाटतं तर आमचं काय?” मी दुकानाच्या ओट्यावर बसेना, घरात थांबेना. नाक्यापर्यंत जायचो, परत यायचो. बुधवारी नवीन पान घेऊन मी स्वतः कायतानबाबांच्या खोलीवर गेलो, कड्यावर चढवून, ठोकून, चहूकडून सारखं करून दिलं. ते माझ्याशी बोलले नाहीत. मीही बोललो नाही.

फाटलेलं पान आम्ही टाकत नाही. भिजवून त्यातून मुलांच्या डफलीचे तुकडे काढतो. गुरुवारी सकाळी मी सोमवारचं पान पाण्यात घातलं आणि तासाभराने काढलं, तर हात तिथेच थांबला. कातडं फाटतं तेव्हा ते वाकडंतिकडं फाटतं, आणि भिजलं की चिरेच्या कडेला तंतू फुलून येतात. ही कड सरळ होती, साफ. भिजूनही एक तंतू वर आला नव्हता. मी खुंटीवरची आधीची दोन काढली. एक खरंच फाटलं होतं, मारून मारून. त्यावर डागच डाग, मधे, कडेला, कुठेही. दुसरं कापलेलं. ब्लेडने.

माझ्या मनात पहिला विचार आला तो वैऱ्याचा. डोंगरीच्या कोणा कारागिराने माणूस लावून माझा धंदा बुडवायला हे केलं असणार. तिन्ही पानं बगलेत मारली आणि तालमीची वेळ व्हायच्या आधीच निघालो. म्हटलं, आज सगळ्यांच्या तोंडावर ही कड दाखवतो.

तालीम चर्चच्या मागे एका शाळेच्या हॉलमध्ये असायची. दुपारचं ऊन खिडक्यांतून आत पडलं होतं. बँड अजून आला नव्हता. कायतानबाब एकटेच, दाराकडे पाठ करून, ड्रमसमोर बसलेले.

“कायतानबाब,” मी हाक मारली.

त्यांनी मान वळवली नाही. मला वाटलं, राग अजून आहे. मी आणखी चार पावलं आत गेलो. त्यांनी शर्टाच्या खिशातून काहीतरी काढलं, कागद सोडवला. उन्हात ते चमकलं. दाढीचं ब्लेड होतं. डाव्या अंगठ्याने पान दाबून ब्लेडचं टोक त्यांनी कालच्या माझ्या नव्या पानावर ठेवलं.

“कायतानबाब, नका,” मी ओरडलो. हॉलभर आवाज घुमला. कौलांतली कबुतरं उडाली. त्यांचा हात थरथरला नाही, मान हलली नाही. ब्लेड शांतपणे बोटभर पुढे सरकलं आणि माझ्या पानाला तोंड पडलं.

मी धावत जाऊन त्यांचं मनगट धरलं, तेव्हा कुठे ते दचकले. माझ्याकडे पाहिलं, बगलेतल्या पानांकडे पाहिलं, आणि ब्लेड परत कागदात गुंडाळू लागले.

“ऐकू येत नाही तुम्हाला,” मी म्हणालो.

ते माझ्या ओठांकडे बघत होते. सोमवारी बघत होते तसेच. “डावा दोन वर्षांपूर्वी गेला,” ते म्हणाले. “उजवा या पावसाळ्याच्या आधी. माझा ड्रम येतो थोडा, भिंतीपलीकडून यावा तसा. पियानो नाही येत. सॅक्सोफोनचे मला फक्त फुगलेले गाल दिसतात.”

“मग वाजवता कसं?”

“बघून. पियानोवरच्या होरासची हनुवटी, बासवाल्याचं कोपर. डोळे उघडे आहेत तोवर मी बहिरा नाही, धोंडी.” त्यांनी पानावरच्या चिरेवरून बोट फिरवलं. “पण नवीन चीज आली की पंचाईत होते. होरास मधेच थांबे घालतो. कुठे थांबायचं ते पहिल्या दिवशी मला कळत नाही, आणि सगळ्यांना कळेल की मला कळत नाही. म्हणून मग पान फाटतं. तालीम मोडते. मी होरासचे कागद घरी नेतो, मोजून मोजून पाठ करतो. दुसऱ्या दिवशी येतो तो तयार होऊन.”

“बँडला तिकडे न्यायचं की नाही ते ठरवायला रविवारी तो लंडनचा गोरा येतोय म्हणतात. त्यासाठी?”

“त्याला पसंत पडलं तर ऑक्टोबरात बोट. सहा महिने तिकडे. चौतीस वर्षं वाट बघितली रे मी. एकदा त्यांच्या गावात जाऊन वाजवायचं होतं. एकदाच. मग मीच सगळ्यांना सांगेन.”

“आणि माझ्या बापाचं नाव?” मी विचारलं. “पाटीवर आहे ते?”

ते दुसरीकडे बघत होते. ऐकलं नाही की ऐकायचं नव्हतं, कोण जाणे. मी त्यांच्या समोर जाऊन उभा राहिलो आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला.

“तू अठ्ठावीसचा,” ते हळूच म्हणाले. “तू नाव परत मिळवशील. मी एकावन्नचा.”

दारात पावलं वाजली. अर्थात ती मलाच ऐकू आली. होरास मेनेझिस, बँडचे पुढारी, पियानो तेच वाजवायचे, आणि मागून बाकीचे चौघं. मेनेझिससाहेब उंच, बारीक, तोंडात कधी शिवी नाही. त्यांनी पानाची चीर पाहिली.

“परत?” ते म्हणाले. मग कायतानबाबांकडे न बघता माझ्याकडे वळले. “मिस्त्री, बरं झालं तू आलास. मला एक खरं सांग. खराब काय आहे, तुझं कातडं की याचा हात?”

म्हणजे त्यांना संशय होताच. तिन्ही पानं माझ्या बगलेत होती. नुसती पुढे केली असती आणि ती कड दाखवली असती, तरी पुरे होतं. बोलायचीही गरज नव्हती. कायतानबाब माझ्या ओठांकडे बघत होते आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांची बोटं हलत नव्हती.

“कातडं खराब होतं,” मी म्हणालो. “बकरं म्हातारं निघालं. माझी चूक.”

“तुझ्या वडिलांनी असं कधी केलं नाही.”

“नाही केलं,” मी म्हणालो.

“रविवारचं तेवढं नीट कर. त्यानंतर आमच्याकडे येऊ नकोस.” मेनेझिससाहेब आवाज न चढवता म्हणाले आणि त्यांनी तालीम रद्द केली. परत येताना मी स्वतःला जेवढ्या शिव्या दिल्या, तेवढ्या कायतानबाबांनाही दिल्या नाहीत. चोराने चोरी करावी आणि घरधन्याने तुरुंगात जावं, असला प्रकार.

शुक्रवारी दुपारी लुर्दीनबाय दुकानात आल्या. कायतानबाबांची बायको. फुलाफुलांचा झगा, हातात डबा, डब्यात दोदोल, ती गोव्याची नारळ-गुळाची मिठाई. त्या बाकावर बसल्या.

“होरासने सांगितलं, धोंडीने चूक कबूल केली,” त्या म्हणाल्या. “तेव्हाच मी समजले, तुम्हाला पण कळलं.”

मी काम थांबवलं. “तुम्हाला कधीपासून माहीत आहे?”

“वर्ष झालं. हा माणूस लग्नाआधीपासून डोळे मिटून वाजवायचा. मजा आली की मिटायचाच. मी पहिल्यांदा पाहिला तोच मिटलेल्या डोळ्यांनी. आणि एक वर्ष झालं, वाजवताना एकदाही डोळे मिटले नाहीत त्याने. मग मी काय ते समजायचं?” त्यांनी पदर नसलेल्या खांद्यावरून उगीच हात फिरवला. “त्याला वाटतं मला माहीत नाही, शर्टाच्या खिशातल्या ब्लेडचंसुद्धा. मी पण समोर उभी राहूनच बोलते, जणू तशी सवयच आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, तुमच्यात म्हणतात ना?”

“म्हणतात.”

“रविवारी तुम्ही या. जादा पान घेऊन माझ्या शेजारी बसा. फाटलं, तर निदान खरंच फाटलेलं असेल.”

त्या गेल्यावर मी माळ्यावर चढलो. तात्यांनी स्वतः कमावलेलं एक कातडं तिथे कापडात गुंडाळून ठेवलेलं होतं. त्याला मी दोन वर्षं हात लावला नव्हता. जाड पान लावून द्यावं, असं शहाणपण सांगत होतं. जाड पान दणके सोसतं. पण आवाज मेलेला निघतो. मी तात्यांचं कातडं भिजत घातलं, आणि शनिवारी संध्याकाळी ते कड्यावर वाळून असं ताणलं गेलं, की नुसती फुंकर घातली तर कुजबुजायचं. माझं नाव जायचंच होतं, निदान बापाच्या कातड्यावर जावं.

रविवारी सकाळी अकराला हॉटेलच्या हॉलमध्ये कार्यक्रम. तात्यांच्या कातड्याचं पान मी आधीच जाऊन ड्रमवर चढवून दिलं. मी धुतलेलं धोतर, कोट आणि मांडीवर जादा पान अशा थाटात पहिल्या रांगेत लुर्दीनबायच्या शेजारी बसलो. पलीकडे चार खुर्च्या सोडून तो लंडनचा गोरा, गुडघ्यावर वही. माझी बैठक काही केल्या स्थिर होईना. सारखं वाटत होतं, आता चुकतात, मग चुकतात.

पण ते चुकले नाहीत. तासभर मी त्यांचे डोळे बघत होतो. ते डोळे पाखरासारखे फिरत होते : मेनेझिससाहेबांची हनुवटी, बासवाल्याचं कोपर, सॅक्सोफोनवाल्याचे गाल, परत हनुवटी. थांबा आला की थांबायचे, चार मात्रा सोडायच्या की सोडायचे. हात मात्र जोरात पडत होते. प्रत्येक दणक्याला मी मांडीवरचं जादा पान उचलायचो, की आता तात्यांचं कातडं जातं. शेजारी लुर्दीनबाय जपमाळेचा एकेक मणी ओढत होत्या.

शेवटची चीज सुरू झाली. सुरुवात सावकाश, मग चढत गेली. सॅक्सोफोनवाला पुढे आला. मधेच कुठेतरी, काय झालं कोण जाणे, कायतानबाबांच्या तोंडावर हसू आलं. खांदे खाली आले.

आणि त्यांनी डोळे मिटले.

लुर्दीनबायची माळ थांबली. मी अर्धा उठलो. चीज संपत आली होती हे मलासुद्धा कळत होतं. मेनेझिससाहेबांनी हनुवटी वर केली, दोन बोटं दाखवली, आणि पाचही जण एका ठोक्याला थांबले. कायतानबाब थांबले नाहीत.

मेनेझिससाहेब चमकले. मग कायतानबाबांना एकट्याने वाजवायचंय असं समजून त्यांनी बाकीच्यांना हाताने खूण केली, वाजवू दे. सॅक्सोफोनवाल्याने खुर्चीवर बसून वाद्य मांडीवर घेतलं. मी स्टेजच्या पायरीकडे निघालो, तर लुर्दीनबायने माझं मनगट पकडलं. बाईच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

“बसा,” त्या म्हणाल्या. “मिटलेत ना त्याने डोळे. मिटू दे.”

मग मी बसलो आणि ऐकलं. आमच्याकडे कितीही फिरलं तरी समेवर येतात. हा माणूस समेच्या आसपास हिंडत होता, घर समोर दिसत असताना शेजाऱ्यांशी बोलत उभा राहणाऱ्यासारखा. मधेच अगदी हळू व्हायचा आणि कोणाला तरी वाट द्यावी तसा जागा सोडायचा. त्या रिकाम्या जागा मला सहन होत नव्हत्या. मागे कोणीतरी चमचा ठेवला तो ऐकू आला. मग पुन्हा हात चालू. मला रडू येत होतं आणि मी कोटाच्या बाहीने नाक पुसत होतो, हे सांगायला लाज कसली.

मग त्यांनी स्वतःच संपवलं, एक ठोका, अगदी हलका, आणि डोळे उघडले.

मेनेझिससाहेबांचे हात मांडीवर होते. सॅक्सोफोन मांडीवर होता. लोक उठून उभे राहून टाळ्या वाजवत होते, तो गोराही. कायतानबाबांचा चेहरा क्षणभर असा झाला, की गाडीत डोळा लागलेल्या माणसाला भलत्याच स्टेशनावर जाग यावी. मग त्यांनी उठून कमरेत वाकून नमस्कार केला. इतक्या वर्षांची सवय होती ती.

हॉलच्या मागच्या बोळात ते मला भेटले. खुर्चीवर बसले होते, गळ्यात टॉवेल. पलीकडे मेनेझिससाहेब आणि तो गोरा बोलत होते. गोऱ्याचं बोट सारखं कायतानबाबांकडे वळत होतं. लुर्दीनबाय भिंतीला टेकून उभ्या. कायतानबाबांनी मला कोटाला धरून खाली ओढलं.

“धोंडी, ते कधी थांबले?”

एकदा खोटं बोललो होतोच. दुसरं खोटं तयार होतं तोंडात. मी लुर्दीनबायकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली नाही, ना होय म्हणून, ना नाही म्हणून.

“तुम्ही डोळे मिटलेत, त्याच्या थोडं पुढे,” मी म्हणालो. “ठरलेल्या जागीच थांबले सगळे.”

“मग पुढे मी एकटा होतो?”

“एकटेच.”

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले, जणू आणखी काही यायचं बाकी आहे. मग म्हणाले, “मला सगळं ऐकू येत होतं रे. पियानो, बास, सगळं. एकेक सूर स्वच्छ. मी त्यांना जागा देत होतो. मला वाटलं, कान परत आले.” टॉवेलने तोंड पुसत म्हणाले, “होरासने इतकं सुंदर आयुष्यात वाजवलं नव्हतं.”

मी त्यांच्या पायाशी बसून राहिलो.

ते उठले. टॉवेल खुर्चीवर टाकला आणि सरळ मेनेझिससाहेबांकडे गेले. गोऱ्यासमोर, सगळ्या बँडसमोर त्यांनी खिशातलं ब्लेड काढून मेनेझिससाहेबांच्या हातावर ठेवलं. कानांचं सांगितलं, पानांचं सांगितलं. मग माझ्याकडे बोट करून मराठीत म्हणाले, मला कळावं म्हणून, “याच्या कातड्यात काही खोट नव्हती. हा माझ्यासाठी खोटं बोलला. राघूचा पोरगा आहे.”

“तू यायला हवंस तरीही,” मेनेझिससाहेब म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदा चढलेला ऐकला. “आज जे केलंस, ते ऐकू येणाऱ्याला तरी जमेल का?”

कायतानबाबांनी नाही म्हणून मान हलवली. बाकीचे अजून वाजवतायत असं त्यांना वाटत होतं, ते मात्र त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मीही नाही. ऑक्टोबरात बोट गेली ती दुसरा ड्रमवाला घेऊन. कायतानबाब पुढे वीस वर्षं जगले, शाळेतल्या मुलांना हाताला धरून मोजायला शिकवत. पेपरात आलं होतं, की त्यांनी भर कार्यक्रमात साथीदारांना थांबवून सात मिनिटं एकट्याने वाजवलं आणि शिखरावर असताना निरोप घेतला. आजही जुनी मंडळी त्या सात मिनिटांची गोष्ट सांगतात. लुर्दीनबाय गेल्या वर्षी गेल्या, म्हणून आता मी बोलतोय.

त्या रविवारी बोळातून निघताना कायतानबाबांनी ड्रमवरचं पान स्वतः सोडवून मला परत दिलं. मी ते घरी आणलं आणि तात्या धरायचे तसं उजेडात धरलं. कडेला पहिल्या तासाचे ओरखडे होते, जोरात मारलेले, ऐकू यावं म्हणून मारलेले. आणि मधोमध, वेगळा, गुळगुळीत, रुपयाएवढा एक डाग होता.

ते पान मी पुन्हा कुठल्याही ड्रमवर चढवलं नाही. ते दुकानात पाटीच्या मागे टांगलेलं आहे.